नोचिनिंगाचा नकाशा: आयोवेंनी 1837 साली मांडलेला जमिनीचा पुरावा

7 ऑक्टोबर 1837 रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी सरकारच्या अधिकाऱ्यांसमोर एक बैठक झाली. एका बाजूला सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ अमेरिकी जमातींचं शिष्टमंडळ आणि त्यांचा पुढारी केओकक, दुसऱ्या बाजूला संख्येने कितीतरी कमी असलेली आयोवे जमात. वाद मिसिसिपी आणि मिसूरी या दोन नद्यांमधल्या मुलखाचा, म्हणजे बव्हंशी आजच्या आयोवा राज्याचा होता. आयोवेंच्या वतीने नोचिनिंगा बोलायला उभा राहिला. त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ 'हृदय नसलेला', आणि त्यामागचा भाव 'भीती न जाणणारा' असा. बोलताना त्याने एक कागद पुढे केला. साधारण 104 × 69 सेंटिमीटरचा, शाईने काढलेला नकाशा. त्यावर नद्या होत्या, तळी होती, आयोवेंची जुनी गावं होती आणि गावागावांमधून जाणारी ठिपक्यांची वाट होती.

त्या दिवशी या कागदाचा काही उपयोग झाला नाही. 21 ऑक्टोबरला सॉक-मेस्क्वाकींनी साडेबारा लाख एकर जमीन सरकारला विकली. त्या करारात आयोवे नव्हते. मात्र पुरावा खरा होता, आणि ते पुढे उत्खननांतून दिसून आलं. खरा पुरावा हातात असताना दावा का हरला, हा या प्रकरणातला मुख्य प्रश्न आहे.

दावा कशावर उभा होता

आयोवे स्वतःला 'बाखोजे' म्हणतात. 'आयोवा' हे नाव शेजाऱ्यांच्या तोंडून फ्रेंचांकडे गेलं आणि तिथून नकाशांत, नदीला आणि शेवटी राज्याला चिकटलं. त्यांची भाषा चिवेरे. ओटो आणि मिसूरिया हे त्यांचे भाषाबंधू, आणि होचंक लोकांना हे तिघेही आपले मूळ नातलग मानतात. मका, घेवडा आणि भोपळा पिकवणारे, उन्हाळ्यात बायसनच्या शिकारीला निघणारे, तांबड्या दगडाच्या चिलमी घडवणारे हे लोक. वर्षाचा कारभार कुळांमध्ये वाटलेला असे. शरद आणि हिवाळ्यात अस्वल कुळाकडे नेतृत्व, वसंत आणि उन्हाळ्यात बायसन कुळाकडे. गाव कुठे बसवायचं, केव्हा उठायचं, शिकारीला कोणत्या वाटेने जायचं, हे ठरवण्याची पद्धत होती. नकाशावरची ठिपक्यांची वाट बघताना हे आधी लक्षात घ्यावं लागतं. ती भटकंतीची रेघ नाही.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर आयोवेंच्या हातात सर्वांत भक्कम कागद होता 19 ऑगस्ट 1825चा प्रेअरी द शीनचा करार. तो अमेरिकेने अनेक जमातींना एकत्र बसवून केला होता. हेतू हा की सीमा आखल्या की आपसातल्या लढाया थांबतील. त्याच्या तिसऱ्या कलमात सॉक-मेस्क्वाकी आणि आयोवे यांनी मान्य केलं की या मुलखाच्या एका भागावर आयोवेंचा रास्त हक्क आहे, आणि दोघांच्या हक्कांची समाधानकारक वाटणी होईपर्यंत दोघांनी तिथे शांततेने राहावं.

हे कलम नीट वाचलं की त्यातली खोच कळते. हक्क मान्य आहे, पण 'एका भागावर'. तो भाग कोणता, किती एकर, कोणत्या ओढ्यापासून कोणत्या ओढ्यापर्यंत, काही लिहिलेलं नाही. वाटणी कोणी करायची, किती दिवसांत करायची, हेही नाही. आपल्याकडच्या जमिनीच्या भाषेत सांगायचं तर सामायिक खातं झालं, पण हिस्सेफोड कधी झाली नाही. अशा जमिनीत जो सहहिस्सेदार बळकट असतो आणि विकत घेणाऱ्याच्या जवळचा असतो, तो आधी विकतो.

तसंच झालं. 21 सप्टेंबर 1832 रोजी, सॉक नेता ब्लॅक हॉक याच्या अमेरिकेशी झालेल्या लढाईनंतर, सॉक-मेस्क्वाकींकडून मिसिसिपीच्या पश्चिम काठचा सुमारे 60 लाख एकरांचा पट्टा सरकारने घेतला. त्या करारात आयोवे नव्हते. 1825चं तिसरं कलम असूनही त्यांना कोणी विचारलं नाही. 1837 साली त्याच पट्ट्याला लागून पुढचा तुकडा विकायची बोलणी सुरू झाली तेव्हा आयोवे वॉशिंग्टनला गेले ते यासाठी.

इथे 1824चा दाखला महत्त्वाचा आहे. 4 ऑगस्ट 1824 रोजी याच वॉशिंग्टनमध्ये मिसूरी राज्याच्या हद्दीतल्या जमिनीबद्दल दोन वेगवेगळे करार झाले. एक आयोवेंशी, एक सॉक-मेस्क्वाकींशी. आयोवेंच्या वतीने महास्का आणि मोआनाहोंगा या पुढाऱ्यांनी सह्या केल्या. त्यांना त्या वर्षी 500 डॉलर आणि पुढे दहा वर्षं दरसाल 500 डॉलर असं ठरलं. सॉक-मेस्क्वाकींना वेगळे पैसे मिळाले. म्हणजे दोन जमाती एकाच मुलखावर हक्क सांगत असतील तर दोघांकडूनही हक्कसोड लिहून घ्यायची, ही पद्धत सरकारला ठाऊक होती आणि ती वापरली गेली होती. 1832 आणि 1837 मध्ये तसं केलं नाही. हा विसराळूपणा नव्हता. केओककशी सौदा सोपा होता आणि एका विक्रेत्याशी व्यवहार स्वस्त पडतो.

1824च्या सहीची किंमत आयोवेंना लगेच कळली होती. करारात अट होती की 1 जानेवारी 1826 नंतर त्यांनी त्या जमिनीवर राहू नये, शिकार करू नये. मोआनाहोंगाला ते मान्य होईना. 1829 साली तो आपली माणसं घेऊन चॅरिटन नदीच्या भागात परतला. तिथे तोवर गोऱ्या वसाहतकारांची घरं झाली होती. चकमक झाली, दोन्हीकडची माणसं मेली. मोआनाहोंगावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला, पण जमीन परत आली नाही. महास्काचा शेवट वेगळ्या तऱ्हेने झाला. त्याने आपल्याच लोकांतल्या काही आरोपींना अमेरिकी कायद्याच्या हवाली केलं होतं. 1834 साली त्यांच्यापैकीच एकाने त्याला ठार केलं. नोचिनिंगाच्या पिढीने हे सगळं बघितलं होतं. सह्या करून काय होतं आणि हत्यार उचलून काय होतं, दोन्ही पाहिल्यावर त्यांनी तिसरा मार्ग धरला. पुरावा मांडायचा.

नकाशा कसा वाचायचा

आज शाळेत शिकवतात तशा नकाशाची सवय असलेल्या माणसाची पहिली चूक मोजपट्टी शोधण्याची असते. या नकाशाला मोजपट्टी नाही. मैलांचं प्रमाण जागोजागी बदलतं आणि नद्यांची वळणं बरीच सरळ केलेली आहेत. त्यात जपलेली गोष्ट म्हणजे क्रम. मोठ्या नदीला कोणती उपनदी कोणत्या काठाने मिळते, तिच्या आधी कोणती, नंतर कोणती. होडीने किंवा काठाकाठाने चालत जाणाऱ्याला मैलांपेक्षा संगमांचा क्रमच उपयोगी असतो. 'तिसरा संगम ओलांडला की डाव्या हाताला गाव' असं सांगणारा नकाशा प्रवासाच्या दृष्टीने पूर्ण असतो.

म्हणून वाचताना आधी दोन मुख्य प्रवाह ओळखावेत, मिसिसिपी आणि मिसूरी. ते दुहेरी रेघेने दाखवलेत आणि साऱ्या मांडणीचा कणा तेच आहेत. मग त्यांना मिळणाऱ्या नद्या एकेक करून आजच्या नकाशाशी ताडाव्यात, अंतर बाजूला ठेवून, नुसत्या क्रमाने. डी मॉइनसारखी मोठी नदी एकदा ओळखता आली की तिच्या आजूबाजूच्या नद्या आपोआप जागेवर बसतात. गोल खुणा म्हणजे गावं. अशी वीसहून अधिक गावं आहेत. ठिपक्यांच्या ओळी म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याच्या वाटा. पूर्वेला विस्कॉन्सिन-मिशिगन सरोवराच्या बाजूपासून पश्चिमेला मिसूरीपर्यंत पसरलेला हा मुलूख आहे. आजची अनेक राज्यं त्यात येतात.

दुसरी चूक जास्त घातक. सगळी गावं एकाच वेळी वसलेली होती असं समजून नकाशा बघितला तर आयोवेंनी अशक्य एवढ्या मोठ्या प्रदेशावर हक्क सांगितला असं वाटतं. हा एका क्षणाचा नकाशा नाही. अनेक पिढ्यांचा काळ एका कागदावर उतरवला आहे आणि काळ वाचायचा तो ठिपक्यांच्या वाटेवरून. तारखा कुठेच नाहीत. क्रम मात्र आहे, आणि जसा नद्यांचा क्रम भरवशाचा आहे तसाच गावांचाही.

तिसरी चूक प्रत्येक गोल खुणेला एक विशिष्ट उत्खननस्थळ चिकटवण्याची. काही खुणांबाबत ते जमतं, काहींबाबत ओढूनताणून करावं लागतं. एकाच वेळी आयोवेंची दोन गावं असणं किंवा जुन्या गावावर काही वर्षांनी पुन्हा येऊन बसणं, हे त्यांच्या जगण्यात नेहमीचं होतं.

गावं का हलत

मक्याची शेती नदीकाठच्या मऊ गाळात होई, कारण लोखंडी नांगराशिवाय कुरणाची घट्ट मुळांची जमीन फोडणं शक्य नव्हतं. एक गाव दहा-वीस वर्षं एका जागी राहिलं की चालत जाण्याच्या टप्प्यातलं सरपण संपे, जवळच्या वावरांचा कस उतरे, धान्य साठवायचे खड्डे नासत. मग काही मैलांवर दुसऱ्या काठावर गाव बसे. ही साधी हालचाल. ती आसपासच्याच खोऱ्यात होते.

लांब पल्ल्याच्या हालचालींची कारणं निराळी. सतराव्या शतकात ग्रेट लेक्सच्या पूर्वेकडून बंदुका, व्यापारी माल आणि निर्वासित जमाती पश्चिमेकडे सरकू लागल्या. 1676 साली जेझुइट पाद्री लुई आंद्रे याने ग्रीन बे इथे आलेल्या आयोवे कुटुंबांची नोंद केली. त्यांचं गाव तिथून खूप दूर पश्चिमेला आहे आणि त्यांची संपत्ती म्हणजे बायसनची कातडी आणि तांबड्या दगडाच्या चिलमी, असं त्याने लिहिलं. 1700 साली पिअर-शार्ल ल स्यूर याने आजच्या मिनेसोटात ब्लू अर्थ नदीजवळ ठाणं बांधलं. आयोवे आणि ओटोंनी तिथे येऊन शेती करावी अशी त्याची इच्छा होती. पण ते तोवर ओमाहा जमातीच्या शेजाराला मिसूरीकडे निघून गेले होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा पूर्वेला, डी मॉइन नदीवर दिसतात. 1804 साली लुईस आणि क्लार्क या अमेरिकी शोधप्रवाशांच्या माहितीत त्यांचं गाव डी मॉइनवरच आहे आणि लोकसंख्या 800. ते गाव पुढे आयोवाव्हिल म्हणून ओळखलं गेलं.

या लेखी नोंदी नकाशाशेजारी ठेवल्या की ठिपक्यांची वाट त्याच क्रमाने जाते. ईशान्येच्या नद्या, मग वायव्येची तळी आणि तांबड्या दगडाचा मुलूख, मग मिसूरीचा काठ, मग डी मॉइन. नोचिनिंगाने त्या फ्रेंच नोंदी पाहिल्या असतील असं मानायला काहीच आधार नाही. हा क्रम आयोवेंच्या तोंडी परंपरेतून आला. दीडशेहून जास्त वर्षांचा गावांचा क्रम एका समाजाने लिपीशिवाय जपला आणि तो परक्यांच्या दप्तरातल्या नोंदींशी जुळला, याचं मोल फार मोठं आहे.

समोरून आलेलं उत्तर

केओककने नकाशाला नकाशाने उत्तर दिलं नाही. त्याचा युक्तिवाद जिंकण्याचा होता. आम्ही लढून हा मुलूख घेतला, आयोवेंना हरवलं, आज इथे आमची वस्ती आहे. सॉकांनी आयोवाव्हिलवर केलेला हल्ला दोन्ही बाजूंच्या आठवणीत होता आणि त्यानंतर आयोवेंचा डी मॉइनवरचा पाय ढिला झाला होता, हे खरंच होतं.

आता दोन पुरावे समोरासमोर ठेवून बघू. आयोवे सांगत होते: आमच्या वाडवडिलांची गावं इथे आहेत, त्यांची हाडं इथे आहेत, आम्ही इथलेच. सॉक-मेस्क्वाकी सांगत होते: आज वहिवाट आमची आहे. अमेरिकी अधिकारी ज्या कायद्याच्या चौकटीत विचार करत होते त्यात 'इंडियन हक्क' म्हणजे मुख्यतः चालू ताबा. जुना ताबा कितीही खरा असला तरी तो सुटला असेल तर हक्क पातळ होतो. आणि इथेच नकाशाची खरी अडचण झाली. आयोवेंनी आपलेपणाचा पुरावा म्हणून जी वाट दाखवली, तीच वाट समोरच्याला 'हे लोक ही जागा सोडून गेले' याचा पुरावा म्हणून वाचता येत होती. प्रत्येक गोल खुणेवर आयोवे म्हणत होते 'आम्ही इथे होतो', आणि ऐकणारे ऐकत होते 'आता नाही'.

यात आयोवेंची चूक काढता येणार नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे हक्क म्हणजे नातं. कुठे जन्मलो, कुठे पुरलो, कोणत्या ओढ्याला काय नाव दिलं. पण प्रकरण म्हणून बघताना हे सांगायला हवं की त्यांचा सर्वांत धारदार पुरावा नकाशा नव्हता, 1825चं तिसरं कलम होतं. जिंकण्याचा युक्तिवाद त्या कलमापुढे टिकत नाही, कारण लढायांनंतर बसून सॉक-मेस्क्वाकींनी स्वतः सही करून आयोवेंचा हक्क रास्त मानला होता. करार हा लढाईपेक्षा नंतरचा आणि वरचा. नकाशाचं काम त्या कलमातल्या 'एका भागाला' आकार देण्याचं असू शकलं असतं. तो भाग कोणता? हा, इथून इथपर्यंत. तशी वाटणी करून देण्याची जबाबदारी करार घडवून आणणाऱ्या सरकारवर होती. सरकारने ती घेतली नाही.

आणखी एक व्यावहारिक कारण होतं. 17 सप्टेंबर 1836 रोजी फोर्ट लेव्हनवर्थला केलेल्या करारात आयोवे आणि सॉक-मेस्क्वाकींचा मिसूरी गट यांनी आजच्या वायव्य मिसूरीतली जमीन 7,500 डॉलरला सोडली होती. त्या बदल्यात मिसूरी नदीच्या पश्चिमेला, किकापू जमातीच्या हद्दीपासून ग्रेट नेमाहा नदीपर्यंत 400 सेक्शन जमीन मिळाली. खालचा अर्धा भाग सॉक-मेस्क्वाकींना, वरचा अर्धा आयोवेंना. एक सेक्शन म्हणजे 640 एकर, तेव्हा आयोवेंचा वाटा 1,28,000 एकरांचा. 1837च्या बैठकीला येईपर्यंत आयोवेंचं घर कागदोपत्री आधीच नदीपलीकडे गेलं होतं. ज्यांना दुसरी जागा देऊन झाली आहे त्यांचा जुन्या जागेवरचा हक्क अधिकाऱ्यांना निकडीचा वाटला नाही.

21 ऑक्टोबरच्या करारावर सरकारच्या वतीने इंडियन कारभाराचा आयुक्त कॅरी हॅरिस याने सही केली. सॉक-मेस्क्वाकींसाठी 2,00,000 डॉलर 5 टक्क्यांनी गुंतवायचे ठरले, शिवाय कर्जफेड, माल आणि गिरण्या. आयोवे वॉशिंग्टनहून रिकाम्या हाताने निघाले. परतीच्या वाटेवर सेंट लुइसला, 23 नोव्हेंबरला, त्यांच्याकडून एक छोटा करार करून घेण्यात आला. 1830 साली त्यांनी आणि इतर जमातींनी सरकारशी केलेल्या करारातल्या शब्दरचनेमुळे त्यांना जो काही हक्क सांगता येईल तो त्यांनी सोडला. मोबदला 2,500 डॉलरचे घोडे, माल आणि भेटवस्तू, सहीच्या वेळीच. एका वाक्याच्या शब्दरचनेतून निघू शकणारा हक्कसुद्धा विकत घेण्याएवढं सरकार काळजीपूर्वक होतं. मग 1825च्या स्पष्ट कलमाचं काय?

1838: उशिरा मिळालेली कबुली

त्याचं उत्तर एक वर्षाने मिळालं. 19 ऑक्टोबर 1838 रोजी ग्रेट नेमाहा इथे झालेल्या करारात आयोवेंनी दोन्ही नद्यांमधल्या मुलखावरचा हक्क सोडला. त्यातल्या शब्दांकडे बघा: हा हक्क 1825च्या कराराच्या तिसऱ्या कलमाने ज्या पूर्ण मर्यादेपर्यंत मान्य केला आहे त्या पूर्ण मर्यादेपर्यंत. म्हणजे जो हक्क 1832 आणि 1837 मध्ये विचारातही घेतला नव्हता, तो 1838 मध्ये विकत घेताना सरकारने पूर्ण मान्य केला. विकत घेण्यासाठी आधी तो अस्तित्वात असावा लागतो.

किंमत 1,57,500 डॉलर. ही रक्कम रोख द्यायची नव्हती. 5 टक्क्यांहून कमी नाही अशा दराने तिचं वार्षिक उत्पन्न आयोवेंना द्यायचं, म्हणजे वर्षाला किमान 7,875 डॉलर. त्याशिवाय दहा घरं. घरांचं मोजमाप करारातच दिलं आहे: तळाच्या तुळईपासून वरच्या तुळईपर्यंत 10 फूट उंच, आतून 18 बाय 20 फूट, फळ्यांचं छप्पर, वर-खाली तक्तपोशी, एक दार, दोन खिडक्या, दगडी किंवा विटांचं एक धुराडं. घराच्या खिडक्या मोजून लिहिणाऱ्या त्याच लेखणीने 1825 साली जमिनीची हद्द मोजून लिहिली नव्हती. हे दोन कागद शेजारी ठेवले की राग येतो, आणि तो यायलाच हवा.

पुढचं लवकर सांगता येतं. 17 मे 1854च्या करारात नेमाहाकाठचा बहुतेक भाग गेला, 1861 मध्ये उरलेल्यातलाही काही गेला. 1870 आणि 80च्या दशकांत आयोवेंचा एक गट गावपद्धतीचं सामायिक जगणं टिकवण्यासाठी दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात गेला. 1883 मध्ये त्यांना तिथे राखीव क्षेत्र मिळालं. 1890च्या करारानंतर प्रत्येकी 80 एकरांचे तुकडे पाडले गेले आणि 22 सप्टेंबर 1891 रोजी बाकीची जमीन 'जो आधी गाठेल त्याची' अशा वसाहतकारांच्या शर्यतीसाठी खुली झाली. ज्या एकत्र राहण्यासाठी ते गेले होते तेच मोडलं. जिंकलेल्या बाजूचंही फार बरं झालं नाही. 1842च्या करारात सॉक-मेस्क्वाकींनी आयोवातली उरलेली सगळी जमीन सोडली. 1857 मध्ये मेस्क्वाकींनी टामाजवळ स्वतःचे पैसे घालून थोडी जमीन परत विकत घेतली. आज आयोवा राज्यात मेस्क्वाकींची वसाहत आहे. ज्यांच्या नावाने राज्य ओळखलं जातं त्या आयोवेंच्या दोन्ही जमातींची ठाणी मात्र राज्याबाहेर आहेत, एकीचं कॅन्सासमधल्या व्हाइट क्लाउडला आणि दुसरीचं ओक्लाहोमातल्या पर्किन्सला.

शंभर वर्षांनी झालेली तपासणी

1927 साली आयोवातले पुरातत्त्वज्ञ चार्ल्स कीज यांनी एका विशिष्ट जुन्या संस्कृतीला 'ओनेओटा' नाव दिलं. हे अपर आयोवा नदीचंच जुनं नाव. तिची ओळखीची खूण म्हणजे भाजलेल्या मातीची गोल बुडाची मडकी, ज्यांच्या मातीत नदीतल्या शिंपल्यांची पूड मिसळलेली असे. शिंपल्याच्या पुडीमुळे चिकणमाती घडवायला सोपी जाते, मडकं पातळ काढता येतं आणि चुलीवर तापताना तडकण्याची शक्यता घटते. पण पूड मिसळलेलं मडकं भाजताना आच फार वाढली तर शिंपल्यातला चुना फुटून मडकं ढासळतं, म्हणून मंद आच लागते. एवढं कौशल्य दिसतं, पण मडक्यावर जमातीचं नाव लिहिलेलं नसतं. ती कोणाची, हे कसं ठरवायचं?

1938 साली मिल्ड्रेड मॉट या तरुण संशोधिकेने यासाठी नोचिनिंगाचा नकाशा वापरला. पद्धत अशी: आधी नकाशावरून आयोवेंची गावं कोणत्या नद्यांवर होती ते काढायचं. मग फ्रेंच आणि इतर लेखी नोंदींवरून ती कोणत्या काळात असतील याचा अंदाज बांधायचा. मग त्याच नद्यांवर, त्याच काळाचं असं स्थळ शोधायचं जिथे देशी मडक्यांबरोबर काचेचे मणी, पितळ, लोखंड असा युरोपीय मालही सापडतो. युरोपीय माल काळ बांधून देतो, मडकी संस्कृती सांगतात आणि नकाशा नाव देतो. तिन्ही एका जागी जुळले तरच निष्कर्ष. अपर आयोवा नदीवर, जिथे एलिसन ऑर यांनी 1930च्या दशकात उत्खनन केलं होतं, तिथे ते जुळले. ओनेओटाची त्या भागातली शेवटची अवस्था आयोवेंची होती हे त्यातून दिसलं. पुढे वायव्य आयोवातलं ओकोबोजी सरोवराकाठचं मिलफर्ड स्थळ आणि बिग सू नदीवरचं ब्लड रन यांच्याबाबतही असाच विचार पुढे गेला. ब्लड रनमध्ये आयोवे, ओटो, ओमाहा आणि पोंका असे अनेक समाज होते. तिथे एकाच जमातीचं नाव लावणं चुकीचं ठरतं.

या पद्धतीचा एक दोष सांगायला हवा. ती जितकी मागे जाईल तितकी कमजोर होत जाते. युरोपीय माल सापडतो तिथपर्यंत पाय घट्ट आहेत. त्याआधीच्या चार-पाचशे वर्षांतली ओनेओटा गावं आयोवे, ओटो, मिसूरिया आणि होचंक या सगळ्यांच्या पूर्वजांची असू शकतात, कारण तेव्हा ते वेगळे झालेले नसतील. नकाशाने सुरू केलेली रेघ तिथे फाटे फुटून सामायिक होते. आयोवे स्वतःही तसंच सांगतात.

1848 साली नेमाहाकाठी वॉ-नॉन-क्वे-स्कून-ए या आयोवेने आपल्या लोकांच्या वाटचालीचा आणखी एक नकाशा काढला. तो हेन्री स्कूलक्राफ्ट या अमेरिकी अभ्यासकाने छापला. त्यातली वाट मिसिसिपीला रॉक नदी मिळते तिथून सुरू होऊन नेमाहाला संपते. नोचिनिंगाच्या नकाशाशी तो हुबेहूब जुळत नाही. दोघांनी वेगवेगळ्या कुटुंबांकडून ऐकलेलं असेल, आणि दोघांचा हेतूही वेगळा होता. पण मुख्य दिशा आणि मुख्य नद्या सारख्याच आहेत. दोन स्वतंत्र साक्षीदारांच्या जबान्या तपशिलात थोड्या वेगळ्या आणि गाभ्यात एक असल्या, तर अनुभवी वकील त्यांवर जास्त विश्वास ठेवतो.

चिवेरे ऐकत वाढलेले शेवटचे अस्खलित बोलणारे 1990च्या दशकात गेले. आता शिकवणीचे वर्ग, शब्दकोश आणि ध्वनिमुद्रणं यांच्या आधाराने भाषा परत उचलली जाते आहे, आणि त्या कामात नकाशावरच्या नद्यांची बाखोजे नावं जुळवणं हेही एक काम आहे. 2020 मध्ये कॅन्सास-नेब्रास्काच्या आयोवे जमातीने नेब्रास्कात रुलोजवळ मिसूरीच्या कड्यांवरची 444 एकर जमीन जमातीचं राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केली. पूर्वजांची दफनं असलेली ही जमीन निसर्गसंवर्धन करणाऱ्या संस्थेकडून त्यांच्याकडे परत आली. 1836 साली वाट्याला आलेल्या 1,28,000 एकरांपुढे हा तुकडा छोटा आहे. त्याच्या हद्दी मात्र नीट मोजून कागदावर लिहिलेल्या आहेत, आणि मालकाच्या नावाच्या जागी आयोवे आहेत.